रोटर बॅलन्स करूनही मोठ्या पंपाचे कंपन कमी होत नाही, अनुनाद कसा पडताळावा?

नमस्कार. यंत्रांच्या कंपनांचा अनुभव असलेल्यांकडून मार्गदर्शन हवे आहे.

आमचा आडवा, स्प्लिट केसिंगचा, डबल सक्शन पंप १४८५ आरपीएमवर चालतो आणि त्याच्या इंपेलरला सहा पाती आहेत. गेल्या आठ महिन्यांत कपलिंगच्या बाजूच्या बेअरिंग हाउसिंगवरचे आडव्या दिशेतले कंपन ३.५ वरून ९.६ मिमी प्रति सेकंद (आरएमएस) इतके चढले. रोटर काढून जी २.५ या संतुलनाच्या अचूकतेच्या श्रेणीत बॅलन्स केला, लेझरने अलाइनमेंट केले, आणि पंप सुरू केल्यावर आकडा आला ९.२! म्हणजे सगळी मेहनत जवळजवळ वायाच गेली. आता पुन्हा रोटर काढावा असे वरिष्ठांचे मत आहे, पण मला ते पटत नाही.

स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कंपनाच्या वारंवारितेनुसार केलेल्या आलेखात, जवळजवळ सगळे कंपन २४.७५ हर्ट्झला, म्हणजे फिरण्याच्या वारंवारितेलाच आहे. तिची दुप्पट आणि तिप्पट नगण्य आहेत. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा मिटला की पात्यांच्या वारंवारितेचे, म्हणजे १४८.५ हर्ट्झचे शिखर वाढते, पण मुख्य शिखर जागचे हलत नाही. त्यामुळे प्रवाहाचा दोष मी मागे ठेवला आहे. कपलिंग सोडून मोटर एकटी चालवली तेव्हा कंपन १.२ च्या वर गेले नाही.

शंका येते ती पुढच्या गोष्टींमुळे. त्याच हाउसिंगवर उभ्या दिशेत फक्त २.८ आहे आणि आडव्या व उभ्या दिशेतील फेजमध्ये (कंपनाच्या आवर्तनातील स्थानात) सुमारे १७० अंशांचा फरक मिळतो. निव्वळ असंतुलन असते तर तो ९० च्या आसपास यायला हवा होता. शिवाय पंप बंद करताना घेतलेल्या नोंदीत वेग १४०० पर्यंत उतरताच कंपन ४ वर आले, जे केवळ असंतुलनामुळे असते तर ७.७ च्या जवळपास राहिले असते. मात्र पंप काही सेकंदांतच थांबतो, त्यामुळे या नोंदीवर किती भिस्त ठेवावी, हे ठरवता येत नाही.

पाय आणि बेसप्लेट यांच्या सांध्यावर तेल सोडून पाहिले, तिथे काही हालले नाही. पण बेसप्लेट आणि ग्राउटच्या (प्लेट व पायाच्या मधल्या भरावाच्या) सांध्यावर, कपलिंगच्या बाजूला, पंप चालू असताना तेलात बारीक बुडबुडे फुटत होते. त्याच जागी हातोडीने ठोकल्यावर आवाज पोकळ येतो, बाकी प्लेटवर तो भरीव आहे. ग्राउट सुटल्याने आधाराचा ताठपणा घटला आणि नैसर्गिक वारंवारिता (ठोकल्यावर तो ज्या वारंवारितेने कंप पावतो ती) खाली सरकून फिरण्याच्या वेगाजवळ आली असावी, म्हणजेच अनुनाद होत असावा, असा माझा अंदाज आहे.

त्यामुळे ठोका चाचणी, म्हणजे हातोडीने ठोकून नैसर्गिक वारंवारिता मोजणे, करण्याचा विचार आहे. आमच्याकडे एकाच चॅनेलचा विश्लेषक असून बलमापक (ठोक्याचे बल मोजणारी) हातोडी नाही. साध्या रबरी हातोडीने मिळालेले उत्तर विश्वासार्ह धरता येईल का? केसिंग पाण्याने भरलेले आणि कपलिंग जोडलेले ठेवावे, असे मला वाटते, कारण पाण्याच्या वजनाने वारंवारिता बदलते. पण शेजारचा पंप चालू असेल तर त्याची कंपने मोजमापात मिसळणार नाहीत का? आणि बेअरिंग हाउसिंगला आडवा तात्पुरता जॅक टेकवून पंप चालवून पाहणे कोणी केले आहे का, त्याने हाउसिंगवर अनिष्ट ताण येतो का?

पुढच्या शटडाउनमध्ये चार दिवस मिळणार आहेत, आणि तेवढ्यात रोटर काढणे किंवा इपॉक्सी ग्राउट भरून तो वाळू देणे, यांपैकी एकच काम बसते.