ओट्यावर बसून बोलणाऱ्या माणसांवरबी कॅमेरा कामून हलवायलेत?

लातूरकर:
दंगल, पळापळ, मारामारी असली आन कॅमेरा हलला तर समजू शकतो. पण आता या पिक्चरमधी दोन भाऊ ओट्यावर बसून वाटणीचं बोलतेत, कोणी जागचं उठत नाही, आणि तिथंबी फ्रेम सारखी डुगडुगायलीय. परवा आईला घेऊन थिएटरला गेलतो, इंटरव्हलच्या आधीच तिला मळमळायलं, पदर तोंडाला लावून डोळे मिटून बसली आणि पुढचा पिक्चर नुसता ऐकला. गोष्ट आवडली होती तिला, म्हणून जास्त राग आला. तिकीट काढून आलेल्या माणसाला पडद्याकडं बघताच येत नसेल तर ते कसलं कॅमेरावर्क?

सिनेमावेडा, संभाजीनगर:
दादा, आईंना त्रास झाला ते वाईटच, पण त्याच्यावरून सगळ्या हँडहेल्डला, म्हणजे हातात कॅमेरा धरून केलेल्या शूटिंगला, झोडपू नका. डेन्मार्कच्या दिग्दर्शकांनी 1995 ला डॉग्मा म्हणून नियमच केले होते, कॅमेरा हातातच पाहिजे, सेट नाही, वेगळे लाईट नाहीत. कारण कॅमेऱ्याच्या गाडीसाठी रूळ, म्हणजे ट्रॉली-ट्रॅक, टाकला की नटाला खुणेवर उभं राहावं लागतं, हातात कॅमेरा असला की नट पाहिजे तिकडं जातो आणि कॅमेरा त्याच्या मागं जातो. आपल्याकडं गावात जाऊन कमी पैशात पिक्चर करणाऱ्या पोरांना तर हाच रस्ता आहे. आणि स्पष्ट सांगतो, काही गोष्टी बघताना त्रास व्हायलाच पाहिजे. टँकर आल्यावर हंडे घेऊन बाया पळतेत ते स्टँडवरून निवांत दाखवलं तर बघणारा लांब उभा राहून बघतो, गर्दीत शिरत नाही.

शूटिंगवाला, परभणी:
टँकरचं म्हणालात म्हणून लिहायलोय. मी लग्नाच्या शूटिंग करतो पण एका उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात टँकरवर बी शूट केलंय. एक कॅमेरा घराच्या माळवदावर स्टँडला लावून ठेवला आणि दुसरा हातात घेऊन मी गर्दीत घुसलो. घरी येऊन बघितलं तर हातातल्यात नुसते खांदे, हंडे, आभाळ, कोण कोणाला ढकलतंय काही कळंना. माळवदावरच्या कॅमेऱ्यात मात्र एक दहा-बारा वर्षांची पोरगी नीट दिसली, तिनं पाइप हंड्यात धरला, मागच्या बाईनं तो ओढून घेतला, आणि ती पोरगी अर्धाच हंडा कमरेवर घेऊन तिथंच उभी राहिली, रडली नाही काही नाही, पाइपाकडं बघत राहिली. आता सांगा गर्दीत कोणता कॅमेरा शिरला?

आणि हलण्या-हलण्यातबी फरक असतोय. पूर्वीचा खांद्यावरचा कॅमेरा जड, तो श्वासासंगट सावकाश हलायचा. आताचे मिररलेस म्हणजे आतमधी आरसा नसलेले छोटे कॅमेरे हलके, बोटांची थरथरसुद्धा पकडतेत. त्यात लांबचं जवळ दाखवणारी 85 एमएमची लेन्स लावली की तीच थरथर दिसायला किती तरी मोठी होती, जास्त पसारा दाखवणाऱ्या 24 च्या लेन्सवर तेवढी जाणवत बी नाही. ज्याला हे माहीत आहे तो हातात घेऊनबी नीट काढतो. चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा अंगावर बांधायचा स्टेडीकॅम 1976 पासून सिनेमात आहे, तेच काम मोटरवर करणारा हातातला गिंबल आता लग्नातसुद्धा फिरतो, मग नाईलाज होता असं कोणी सांगू नये.

सिनेमावेडा, संभाजीनगर:
भाऊ, तुमची ती पोरगी एकदम मान्य. पण गिंबलवर सगळं तुपासारखं घसरत जातं, त्यात माणूस मागं आहे असं वाटतच नाही. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (1998) मधला किनाऱ्यावर उतरायचा सीन आठवा. कॅमेरा सैनिकांमधी वाकून पळतोय, शटर मुद्दाम कमी वेळ उघडं ठेवलं म्हणून उडालेली माती कणाकणानं दिसती. तो सीन स्टँडवर घेतला असता तर नकाशावरची लढाई झाली असती.

लातूरकर:
तिथं गोळ्या चालल्यात हो! माझं म्हणणं ओट्याचं आहे. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014) बघा, फ्रेम जागची हलत नाही, कामकाज संपतं, माणसं जातेत, दिवे बंद होतेत, कॅमेरा तिथंच. आपणच अस्वस्थ होतो. कोणाला वाटलं का की हे खरं नाही?

कान-नाक-घसा विभागातली ताई, जालना:
मधी बोलते. आईंना झालं ते नाजूकपणा नाही. डोळे सांगतात आपण हलायलोत, कानाच्या आतला तोलाचा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोत, दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. कन्नडच्या घाटात बसमधी मोबाईल बघितला की होतं ते हेच, फक्त उलट्या बाजूनं. पडदा जेवढा नजरभर तेवढा त्रास जास्त, म्हणून घरी टीव्हीवर बघणारा म्हणतो मला तर काहीच झालं नाही. सगळा हलत्या कॅमेऱ्याचा 'क्लोव्हरफील्ड' पिक्चर आला तेव्हा, 2008 ला, अमेरिकेत काही थिएटरांनी बाहेर सूचना लावली होती की मळमळ होऊ शकते. सिगारेटची पाटी पडद्यावर येते, तर ही एक ओळ तिकीट काढताना दाखवायला काय हरकत आहे?

सिनेमावेडा, संभाजीनगर:
ताई, मला भीती वाटती. अशी ओळ लागली की छोट्या पिक्चरला आधीच येणारं थोडकं पब्लिकबी येणार नाही, मोठ्या हिरोच्या पिक्चरला काहीच फरक पडणार नाही.

लातूरकर:
आणि आईसारखी माणसं एकदा त्रास झाला की परत थिएटरातच येत नाहीत, ते पब्लिक कोणाचं गेलं?

कान-नाक-घसा विभागातली ताई, जालना:
दादा, त्यांना पुढच्या वेळी मागच्या रांगेत मधोमध बसवा, गरगरायला लागलं की पडद्यावरून नजर काढून दाराच्या लाल दिव्याकडं बघायला सांगा. उलटीची गोळी मेडिकलवरून परस्पर घेऊन देऊ नका, बीपीची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा.