शिक्षक म्हणून तुम्ही ऑनलाइन कोणाकडून शिकलात? – अनुभव धागा

माळावरची_शाळा
मागच्या आठवड्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून नव्याने रुजू झालेल्या एका शिक्षिकेने मला विचारले, "सर, द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र सांभाळताना अडले, तर तुम्ही कोणाला विचारता?" उत्तर देता देता मला २०१५ चा पावसाळा आठवला. त्या जूनमध्ये प्रत्येक मूल शिकावे यासाठीच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला होता, सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडील शाळांच्या गटाच्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते आणि तिथे ओळख झालेल्यांचे व्हॉट्सॲप गट तयार होत होते. तेव्हा एका गटात शंभरच सदस्य मावत, त्यामुळे कोणी बाहेर पडेपर्यंत नव्या माणसाला ताटकळावे लागे. २०१६ मध्ये ही मर्यादा २५६ झाली, तेव्हा कुठे आमच्या तालुक्यातील बरेच जण आत येऊ शकले.

त्या गटातील एक देवाणघेवाण मी आजही नव्या शिक्षकांना सांगतो. चौथीतला एक मुलगा ४०३ मधून १७८ वजा करून उत्तर ३७५ लिहीत असे. मी त्याच्या वहीचा फोटो टाकला. लातूर जिल्ह्यातील एका मॅडमनी उपाय सांगण्याऐवजी मलाच विचारले, "तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे, हे तुम्ही पाहिले का? खेळातल्या नोटा हातात दिल्या तर तो काय करतो?" दुसऱ्या दिवशी मी त्याला शंभराच्या चार नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी दिली आणि १७८ रुपये मागितले. तो बराच वेळ नोटांकडे पाहत राहिला, मग त्याने शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या, त्यातली एक मोडून सुटे रुपये घेतले, आणि समोर ३ शतके, ९ दशके, १३ एकक मांडून मला बरोबर पैसे मोजून दिले. उरलेले २२५ त्याने आपणहून वहीत लिहिले. त्या मॅडमची आणि माझी प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही, तरी गणितात काही अडले की मी पहिला निरोप त्यांनाच पाठवतो.

तुम्हाला असे कोणी भेटले असेल तर सविस्तर लिहावे. गटांची आणि ॲपची नावे मोजण्यापेक्षा नेमका कोणता प्रश्न सुटला, हे वाचायला मला आवडेल.

प्रयोगवही
सिंधुदुर्गातील माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील खेळणी मुलांकडून करून घेत असे आणि त्यांचे फोटो इतर विज्ञान शिक्षकांना पाठवत असे. त्यातूनच धुळ्याच्या एका सरांशी ओळख झाली. त्यांनी सुचवले की मार्चमध्ये दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास दोन्ही शाळांनी एकाच दिवशी एक मीटरच्या काठीची सर्वांत आखूड सावली मोजावी आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ काढावा. इराटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये केलेला प्रयोग आमच्या पुस्तकी धड्यातून उठून थेट मैदानात आला. आमच्याकडे सावली सुमारे २८ सेंटिमीटर भरली आणि धुळ्यात सुमारे ३८. आमची मुले बारा वाजल्यापासून काठीशी बसली होती आणि सावली सर्वांत आखूड व्हायला पाऊण का वाजावा, यावर जो वाद रंगला त्यातून रेखांश आणि प्रमाणवेळ मला वेगळी शिकवावीच लागली नाही. कोनांत सुमारे पाच अंशांचा फरक आला, नकाशावरून दक्षिणोत्तर अंतर साधारण ५५५ किलोमीटर निघाले, आणि पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांत पाच अंश ७२ वेळा बसतात म्हणून त्याला ७२ ने गुणल्यावर जवळजवळ ४०,००० आले तेव्हा वर्गात एकच गलका झाला. एकाच शाळेत हा प्रयोग होऊच शकत नाही, त्याला दूरचा सहकारी लागतोच, हे मला फार मोलाचे वाटते.

सातपुड्यातली
मी मेळघाटात, धारणी तालुक्यात आहे. गावात रेंज नाही, त्यामुळे बाजाराच्या दिवशी धारणीला गेले की आठवड्याचे सगळे निरोप, ध्वनिफिती आणि चित्रे उतरवून घेते आणि उत्तरेही तिथूनच पाठवते. माझ्या पहिलीतील मुलांच्या घरी कोरकू बोलली जाते आणि मराठी त्यांना प्रथम शाळेतच भेटते. पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा मात्र मुलाला मराठी समजते असे धरूनच सुरू होतो. तालुक्यातील आम्ही काही शिक्षकांनी गावच्या आजीबाईंकडून कोरकू गोष्टी ध्वनिमुद्रित करून एकमेकांना पाठवायला सुरुवात केली, आणि ज्या मुली वर्गात तोंड उघडत नव्हत्या त्या दुसऱ्या गावच्या आजीची गोष्ट ऐकून पुढचा भाग सांगू लागल्या.

टंकसाधना
जुन्या मंडळींना आठवत असेल की दुसऱ्याने पाठवलेली चाचणी किंवा टिपण उघडले की अक्षरांच्या जागी निव्वळ खुणा दिसत, कारण कोणी श्रीलिपीत टंकत असे तर कोणी कृतीदेवमध्ये, आणि एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात वाचता येत नसे. आमच्या जिल्ह्यात एका संगणक शिक्षकाने संध्याकाळी फोनवर एकेकाला युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत) बसवून दिले. शिक्षकांच्या ऑनलाइन देवाणघेवाणीचा इतिहास कोणी लिहिला तर त्याची सुरुवात अशा माणसांपासून व्हावी, असे मला मनापासून वाटते.

रविवारची_शाळा
@सातपुड्यातली ताई, तुमचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. मी न्यू जर्सीत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी (उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या संघटनेशी) जोडलेल्या मराठी शाळेत शिकवते. आम्ही सगळे स्वयंसेवक पालक आहोत, अध्यापनाचे शिक्षण घेतलेले फार थोडे, म्हणून इतर शहरांतील मराठी शाळांच्या शिक्षकांशी दर काही आठवड्यांनी ऑनलाइन बसून आम्ही पाठ आखतो. आमची अडचण तुमच्या जवळची आहे, कारण भारतातून मिळणारे साहित्य मुलाच्या कानावर दिवसभर मराठी पडते असे मानते, आणि आमच्या मुलांच्या कानावर ती आठवड्यातून मोजके तास पडते. पहिल्या महिन्यात तुम्ही नेमके काय करता, हे सांगाल का?

सातपुड्यातली
जरूर सांगते, ताई. पहिले काही आठवडे मी मुलांकडून बोलण्याची अपेक्षाच ठेवत नाही, फक्त कृती करून घेते. "दगड उचल", "पाटी खाली ठेव", "दाराजवळ जा" अशा सूचना मी आधी स्वतः करून दाखवते आणि मग नुसत्या तोंडाने देते. काही दिवसांनी एखादे मूल आपणहून पुढे येऊन दुसऱ्यांना सूचना देऊ लागते आणि तिथून बोलणे सुरू होते. पण एक फरक लक्षात घ्यावा. तुमच्या मुलांना बहुधा आजीचे मराठी समजते आणि ती उत्तर इंग्रजीत देतात. माझ्या मुलांना सुरुवातीला समजतच नाही. त्यामुळे तुमच्याकडे ऐकण्याच्या टप्प्यापेक्षा बोलण्याची गरज निर्माण करण्यावर अधिक वेळ द्यावा लागेल, असे मला वाटते.

रविवारची_शाळा
अगदी तसेच आहे. गरज निर्माण करण्यासाठी आम्ही एक खेळ घेतो. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवतो आणि बाजाराचे जवळपास सारखे, पण पाच-सहा फरक असलेले चित्र प्रत्येकाला देतो. न पाहता, केवळ मराठीत विचारून फरक शोधायचे असतात. "तुझ्या भाजीवालीच्या टोपलीत वांगी आहेत का?" हा प्रश्न विचारल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही, म्हणून लाजणारी मुलेही विचारतात. चित्रे मी तुम्हाला पाठवते, पण धारणीचा बाजार तुमच्याच मुलांनी काढला तर तो आम्हालाही हवा आहे.

तिसरा_तास
गोड अनुभवांच्या जोडीला एक कडू गोष्टही नोंदवते. आमच्या भागातील एका मोठ्या गटात अध्यापनाची चर्चा आणि "तातडीची माहिती आजच भरावी" असे प्रशासकीय निरोप एकत्र येत असत. रात्री दहा वाजता कोणी भागाकाराबद्दल विचारले की त्यावर लगेच एक्सेलचा तक्ता येऊन पडे आणि प्रश्न वाहून जाई. शिवाय गटातून क्रमांक मिळवून अनोळखी पुरुष शिक्षिकांना वेळी-अवेळी फोन करत, म्हणून अनेक मैत्रिणींनी बोलणेच सोडले. शेवटी आम्ही काही जणींनी टेलिग्रामवर वेगळा गट केला, कारण तिथे फोन क्रमांक झाकून ठेवता येतो, आणि तिथे अध्यापनाखेरीज काहीही टाकायचे नाही, शुभेच्छाही नाहीत, असे ठरवले. गट लहान आहे, पण विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहत नाही. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावे असे ज्यांना वाटते, त्यांनी शिक्षिकांच्या सुरक्षिततेचा आणि घरकामातून उरणाऱ्या वेळेचा विचार आधी करावा, हे मी आग्रहाने सांगते.

निवृत्त_गुरुजी
तिसरा_तास ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. आमच्या वेळी शिक्षकांसाठीच्या 'जीवन शिक्षण' मासिकात एखादा प्रयोग वाचून लेखकाला पत्र टाकावे, तर उत्तर येईपर्यंत सहामाही परीक्षा झालेली असे. आज वहीचा फोटो टाकून त्याच रात्री उत्तर मिळते, ते प्रश्न गर्दीत हरवू नयेत म्हणून कोणीतरी विषयवार जपून ठेवावेत. निवृत्तीनंतर मी गणिताच्या प्रश्नोत्तरांपुरते हे काम हाती घेतले आहे, भाषेसाठी कोणी पुढे आल्यास आनंद होईल.

खानदेशी_मास्तर
@प्रयोगवही सर, मी जळगाव जिल्ह्यात आहे. धुळ्याच्या त्या सरांबरोबर आमच्या शाळेला सावलीचा प्रयोग करता येईल का? सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला करावा असा विचार आहे.

प्रयोगवही
धुळे आणि जळगाव जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे दोन्हीकडे सावली सारखीच भरेल आणि हाती काही लागणार नाही. तुम्हाला दक्षिणेकडची शाळा हवी. कोल्हापुरात माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, तिथून तुमच्यापर्यंत सव्वाचार अंशांच्या आसपास फरक मिळेल. सप्टेंबरात ढग असले तरी काळजी नको, कारण दोन्ही शाळांनी मोजमाप एकाच दिवशी केले तर कोणताही स्वच्छ दिवस चालतो. फक्त मे महिन्याच्या मध्यावर केले तर सांभाळावे. तेव्हा कोल्हापूरची सावली दक्षिणेला आणि तुमची उत्तरेला पडते, म्हणून कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी लागते. तुमच्या शाळेचा अक्षांश आणि मधल्या सुट्टीची वेळ कळवा, मी आजच मॅडमना विचारतो.