मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात पुरुषांसाठी ताजा, सौम्य सुगंध कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मार्च संपत आलाय, उन्हाळ्यासाठी एक चांगला परफ्युम घ्यायचा आहे. जाणकारांनी सल्ला द्यावा. गरज जरा वेगळी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मी औषध कंपनीत एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) आहे, एरिया नागपूर. सकाळी बाईक काढली की धंतोली, रामदासपेठ, दुपारी मेडिकलकडे (सरकारी मेडिकल कॉलेज), संध्याकाळी पुन्हा दवाखाने. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर. डोक्याला दुपट्टा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट. या उन्हातून एकदम एसी केबिनमध्ये शिरायचं आणि डॉक्टरांसमोर मिळतील तेवढ्या दोन मिनिटांत बोलायचं. त्या वेळी घामाचा वास नको आणि सेंटचा भपकाराही नको. वेटिंगमध्ये बराच वेळ बसावं लागतं. शेजारी दम्याचे पेशंट असतात, मळमळणारे असतात, गरोदर बायका असतात. त्यांना त्रास होईल असं काहीही लावायचं नाही, ही माझी पहिली अट.

दुकानात लिंबू-संत्र्याच्या जातीचे बरेच टेस्टर लावून पाहिले. मनगटावर मारल्या मारल्या जीव सुखावतो, पण सीताबर्डीहून धंतोलीत पोचेपर्यंत ताजेपणा उडालेला असतो आणि मागे काहीतरी गोडसर, चिकट उरतं. नेमकं तेच मला नको आहे. समुद्री म्हणतात त्या प्रकारातलं आक्वा दी जिओ आवडलं, पण किंमत झेपत नाही. बजेट तीन हजारांपर्यंत.

तर ताजेपणा उन्हात टिकावा यासाठी नक्की काय बघायचं? ईडीटी (ओ द तॉयलेत, हलका प्रकार) घ्यावं की ईडीपी (ओ द पार्फ्यूम, जास्त तीव्र)? आणि लावायचं कुठे? कृपया डिओ सुचवू नका, ते सगळं करून झालंय.

प्रतिसाद १

लिंबूवर्गीय सुगंध उडतो यात परफ्युमचा दोष नाही. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं फळ) यांच्या तेलातले रेणू हलके असतात, त्यामुळे ते सगळ्यात आधी उडतात. तुमच्याकडच्या कोरड्या उन्हात तर आणखी लवकर. मुंबईच्या दमट हवेत तोच वास बराच रेंगाळतो. म्हणून वरचा थर, म्हणजे मारल्या मारल्या येणारा वास, बघून खरेदी करू नका; तळाशी, म्हणजे शेवटी उरणारं, काय आहे ते बघा. गोड व्हॅनिला किंवा अंबर असेल तर नागपुरात डोकं उठेल. वाळा (खस), देवदार किंवा ओकमॉस (ओकच्या झाडावरची दगडफुलासारखी वनस्पती) असेल तर लिंबू गेल्यावरही कोरडा, स्वच्छ वास राहतो.

गेर्लँचं वेटिव्हर (वेटिव्हर म्हणजे वाळाच) हे याचं उत्तम उदाहरण, आणि २००६ चं तेर द'एर्मेस दुसरं. दोन्ही तुमच्या बजेटबाहेर आहेत, पण खात्रीच्या माणसाकडून पाच-दहा मिलीची छोटी बाटली घेतलीत तर उन्हाळा निघेल. पूर्ण बाटलीच हवी असेल तर १९८८ चं डेव्हिडॉफ कूल वॉटर बघा. तो धुतलेल्या कपड्यांसारखा थंड वास डायहायड्रोमिर्सिनॉल नावाच्या रसायनाचा, आणि ते लिंबाच्या तेलापेक्षा जास्त टिकतं. आता बरेच जण वापरतात हे खरं, पण दवाखान्यात ओळखीचा वास चांगलाच.

ईडीटी घ्या. ईडीपीत अर्काचं प्रमाण जास्त असतं, उन्हात ते अंगावर येईल.

प्रतिसाद २

मला दमा आहे, म्हणून लिहिते. तुम्ही पेशंटचा विचार करताय हे वाचून फार बरं वाटलं. गळ्यावर किंवा शर्टावर मारू नका. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावर छातीवर एकच फवारा मारा आणि वर बनियन, शर्ट घाला. वास तुमच्यापुरता राहतो, जवळ आलेल्यालाच कळतो. आणि आपल्याला येईनासा झाला म्हणजे गेला असं समजू नका. नाक तासाभरात सरावतं, शेजारच्याला येतच असतो. दुपारी पुन्हा लावायचा असेल तर आधी ओल्या रुमालाने काख, मान पुसून घ्या. घामावर सुगंध मारला की दोन्ही मिळून जो वास होतो तो मला सहन होत नाही.

अजून एक. घरगुती उपाय म्हणून लिंबाचं किंवा बर्गमॉटचं तेल थेट कातडीवर लावून उन्हात जाऊ नका. त्यातल्या घटकांनी ऊन लागून चट्टे उठतात, काळे डाग बरेच दिवस राहतात.

प्रतिसाद ३

विदर्भातले असून वाळा सोडून सगळीकडे फिरताय! कूलरच्या ताट्यांवर पाणी पडल्यावर जो वास येतो, तोच अंगावर लावता येतो. कन्नौजला वाळ्याच्या मुळ्या तांब्याच्या देगेत (मोठ्या भांड्यात) उकळून ऊर्ध्वपातनाने अर्क काढतात. निव्वळ अर्क म्हणजे रूह खस, हिरवट रंगाचा. चंदनाच्या तेलात उतरवलं की खसाचं अत्तर. यात अल्कोहोल नसतं, त्यामुळे मारल्याबरोबर नाकात जाणारा झटका नाही, आणि वाळ्याचे रेणू जड असल्यामुळे उन्हातही दुपारपर्यंत टिकतं. हिना मात्र उन्हाळ्यात घेऊ नका, ते थंडीचं अत्तर.

स्वस्त बाटल्यांत चंदनाऐवजी पॅराफिनचं तेल असतं. म्हणून दुकानदाराकडून कापसावर एक थेंब घ्या, दिवसभर खिशात ठेवा, संध्याकाळी वास घ्या. मातीचा, मुळांचा वास उरला असेल तर घ्या, साबणासारखा झाला असेल तर सोडून द्या. आणि पांढऱ्या शर्टाला लावू नका, डाग जात नाही. कानामागे बोट टेकवण्यापुरतंच पुरे.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. तळ बघून निवडायचं हे कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं. शर्टाच्या आत फवारा ही सूचना उद्यापासूनच अमलात आणतो.

खसाचा फाया (अत्तर लावलेला कापसाचा बोळा) आज इतवारीतून आणला. सुरुवातीला फारच मातकट वाटला, नाक मुरडावं असा. उन्हातून फिरून आल्यावर मात्र तो खुलला, आणि एसीत बसल्यावर तर फारच छान. डॉक्टरांनी काही विचारलं नाही, म्हणजे त्रासही झाला नसावा. आता अडचण अशी की सकाळी वाटणारा लिंबाचा टवटवीतपणा यात अजिबात नाही. खसाच्या अत्तरावर कूल वॉटरचा एखादा हलका फवारा चालेल का, की दोन्ही मिळून गोंधळ होईल? कोणी करून पाहिलं असेल तर सांगा. आणि कन्नौजहून थेट मागवणारं कोणी असेल तर रूह खस आणि साध्या खस अत्तराच्या भावात किती फरक पडतो तेही लिहा.