मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांची पाहणी कशी करावी?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची पाहणी करायची आहे. प्रश्नावली तयार आहे, पण तिच्यावरचा माझा विश्वास उडत चाललाय.

२००७-०८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेली व्यक्ती. ऊसतोडीचा हंगाम लांबला की माणूस या चौकटीबाहेर जातो. शिवाय दिवाळीनंतर पाहणी करणारा गावात आला तर अख्ख्या कुटुंबाच्या दाराला कुलूप! २०११ची जनगणनाही ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळपात.

मला जास्त टोचतं ते बायकांचं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) बहुतेकदा नवऱ्याच्या हातात. मीही कुटुंबप्रमुखालाच विचारलं, तर पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी बाई कागदावर नुसती 'पत्नी' उरेल. हे मला होऊ द्यायचं नाही.

फडात (तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात) किंवा कोप्यांवर (कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर) जाऊन काम केलेल्यांनी कृपया सांगा: मुकादमाच्या (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या) ओळखीशिवाय तोडणी टोळीपर्यंत कसं पोहोचायचं? त्याच्यासमोर उचलीबद्दल कुणी मोकळं बोलेल असं वाटत नाही. बायकांशी वेगळं बोलायला कोणती वेळ बरी? आणि हंगामात फडावर व पावसाळ्यात गावी, अशा दोन्ही भेटी घ्याव्यात का? जमल्यास तुमची प्रश्नावलीही दाखवा.