अमेरिकेच्या पॅकार्ड या महागड्या मोटारींच्या कंपनीला बुडवलं कुणी?

जुनाट_इंजिन: माझं मत आधीच सांगतो: १९३५ च्या 'वन-ट्वेंटी' या स्वस्त गाडीनं. ज्यांची बारा सिलिंडरची गाडी चार हजार डॉलरच्या आसपास जायची, त्यांनी तेच खांदे पाडलेलं रेडिएटर, चाकाच्या टोपीवर तोच षटकोन देऊन ९८० डॉलरपासून गाडी विकली. बँकेचा मालक आणि त्याचाच कारकून एका तोंडवळ्याच्या गाडीत! मालक प्रतिस्पर्धी कॅडिलॅककडे वळणारच.

खडखडाट: आणि मंदीत खायचं काय होतं? पिअर्स-ॲरो महागड्या गाड्यांनाच चिकटून राहिली, १९३८ मध्ये लिलावात निघाली. तशाच महागड्या गाड्यांच्या पीअरलेस कंपनीच्या क्लीव्हलंडमधल्या कारखान्यात तर पुढे बीअर बनायची. पॅकार्डनं मात्र १९३७ मध्ये लाखाच्या वर गाड्या काढल्या.

जुनाट_इंजिन: स्वस्त गाडी काढू नका असं कुठे म्हटलंय? नाव वेगळं द्या. कॅडिलॅकनं दिलं ना 'लासाल'!

खडखडाट: आणि १९४० मध्ये गुंडाळलंही. शिवाय कॅडिलॅकच्या पाठीशी जनरल मोटर्स होती. पॅकार्ड एकटी.

चौथा_गिअर: दोघंही १९३५ वरच अडकलात. खरा घाव १९५३ चा. पॅकार्डच्या बॉड्या बनवायची ब्रिग्ज. तिचे कारखाने क्रायस्लर या दुसऱ्या मोटार कंपनीनं घेतले आणि पॅकार्डला सांगितलं, तुमचं तुम्ही बघा. मग डेट्रॉइटच्या कॉनर ॲव्हेन्यूवर अपुऱ्या जागेत घाईघाईनं सगळी जुळणी. १९५५ ची गाडी कागदावर झकास होती: स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार (पिळले जाऊन धक्के झेलणाऱ्या पोलादी कांबी), मागे वजन पडलं की विजेची मोटर गाडी आपोआप समतल करायची. पण जुळणी ढिसाळ, तक्रारींचा पाऊस. गंमत बघा, जेम्स पॅकार्डनं विंटन नावाच्या कारखानदाराची गाडी घेतली, ती सारखी बिघडायची. तक्रार केली तर विंटन म्हणाला, तुम्हीच बनवा की चांगली. म्हणून १८९९ मध्ये ओहायोतल्या वॉरनला पहिली पॅकार्ड झाली!

जुनाट_इंजिन: किस्सा आवडला, मुद्दा नाही. ब्रिग्जचं झालं तेव्हा श्रीमंत गिऱ्हाईक कधीच निघून गेलं होतं. १९५७ ला साउथ बेंडहून, जोडीदार कंपनी स्टुडबेकरच्या कारखान्यातून आलेली 'पॅकार्ड' म्हणजे तर पाटी बदललेली स्टुडबेकर. पुढच्या वर्षी तीही पाटी उतरली.

चौथा_गिअर: ते शेवटचे आचके होते हो. बॉडीच मिळेना तर पाटी कशावर ठोकणार?

खडखडाट: बॉडीचं काम १९४१ मध्ये 'क्लिपर' या मॉडेलसाठी ब्रिग्जला दिलं कुणी? पॅकार्डनंच. तेव्हा ते स्वस्त पडत होतं.