कडी न लावलेल्या कोऱ्या पुतळीला वजनापेक्षा जास्त पैसे का मोजावेत?

नाणेवेडा: पुतळ्यांच्या माळेतली जुनी पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकाट हे सोन्याचं नाणं, साधारण साडेतीन ग्रॅम, जवळजवळ चोख सोनं. ओवायची कडी न लावलेली, न झिजलेली मिळाली तर सोन्याच्या भावाच्या दुप्पट दिले तरी महाग नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एका बाजूला संत मार्क, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज म्हणजे तिथला राज्यप्रमुख, आणि कडेनं त्या डोजचं नाव. १२८४ ते १७९७ डिझाइन जवळपास तेच राहिलं, मग नाणं कुठल्या काळातलं हे त्या नावावरूनच कळणार ना! चोख सोनं मऊ, माळेत घासून घासून आधी तीच बारीक अक्षरं जातात.

माजघर: अहो पण माळेत ओवली नसती तर पुतळी आपल्याकडे पुतळी झालीच नसती! माझ्या आजेसासूबाईंच्या माळेतल्या पुतळ्यांवर नाव सोडा, चेहरेही नाहीत, पण त्या तीन पिढ्यांनी लग्नाकार्यात घातल्यात. कुलूपबंद पेटीत पडून राहिलेलं नाणं जास्त मोलाचं आणि वापरलेलं खराब, हे कलेक्टर लोकांचं गणित मला अजिबात पटत नाही.

सराफकट्टा: मी तर म्हणतो कोरी दिसली की आधी संशय घ्या. कित्येक पुतळ्या व्हेनिसच्या नाहीतच, इथल्या सोनारांनी बघून बघून केल्यात, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या. प्रीमियम कसला देताय, कस लावा, वजन करा, भाव द्या.

नाणेवेडा: कसावर सोनं कळेल हो, नाणं कसं कळणार? रेघोट्या की अक्षरं हे ओळखायलाच तर कंडिशन लागते. १९१८ चं मुंबई टांकसाळीचं सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं घ्या, सालाच्या वर इंग्रजी आय हे बारीक अक्षर असतं, तेच झिजलं तर मुंबईचं म्हणणार कशावरून? आणि न हाताळलेलं सॉव्हरिन दिव्याखाली हळूहळू तिरपं करा, चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. एकदा पॉलिश मारलं की ती गेली, परत आणता येत नाही.

माजघर: मग आपल्या सोनारानं केलेली रेघोट्यांची पुतळी तुमच्या लेखी फक्त सोनं? मला तर तीच जास्त आपली वाटते.

नाणेवेडा: फक्त सोनं नाही हो ताई, चांगली राहिलेली असेल तर तीही आनंदानं घेईन. माळ आहे ती माळच राहू द्या. राग आहे तो कडी उपटून, कड घासून कोरी म्हणून विकणाऱ्यांवर. घेण्याआधी भिंगातून पूर्ण कड बघा, कडी जोडायला डाक (सोल्डर) दिलेल्या जागी सोन्याचा रंग बहुतेक वेळा वेगळा दिसतो.