तुरुंगातल्या बायांना भेटायला चर्चची माणसं जातात, त्यात गैर काय?

जालन्याची शिक्षिका:
आमच्या चर्चच्या महिला मंडळातल्या बाया रीतसर परवानगी काढून तुरुंगाच्या महिला विभागात जातात. मीही जाते. परवा गल्लीतल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "अडकलेल्या बायांना बाटवायला जातात." म्हणून हा धागा.

पुरुष आत गेला की आई, बायको, बहीण मुलाखतीच्या रांगेत उभ्या राहतात. बाई आत गेली की सासर बहुतेकदा तोंड फिरवतं आणि माहेराला लोक काय म्हणतील याची धास्ती. त्यात हिंगोली-परभणीच्या खेड्यातून संभाजीनगरच्या हर्सूल तुरुंगात यायचं म्हणजे रोजगार बुडतो, गाडीभाडं वेगळं. हुंड्याच्या गुन्ह्यात आत असलेली म्हातारी सासू असेल तर तिच्याबद्दल कुणाच्याच मनात जागा नसते. अशा बाईजवळ बसायचं, तिला नावानं हाक मारायची, मागच्या वेळी तिनं सांगितलेलं लेकराचं दुखणं आठवणीनं विचारायचं. लिहिता येत नसेल तर घरी पत्र लिहून द्यायचं. खोबरेल, कंगवा, पॅड, जे आत नेऊ देतील ते न्यायचं.

मत्तयाच्या 25 व्या अध्यायात येशू भुकेले, आजारी, बंदिवान यांच्यासाठी केलं ते माझ्यासाठीच केलं असं म्हणतो. बंदिवान निर्दोष असावा अशी अट तिथं नाही. एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची बाई 1813 मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेली ती तिथल्या तान्ह्या लेकरांसाठी कपडे घेऊन. शाळा आणि शिवणकाम नंतर आलं. आम्हीही आधी माणूस बघतो.

लातूरकर:
ताई, तुमच्या मायेवर शंका नाही, जागेवर आहे. बाहेरची बाई तुमची प्रार्थना नको वाटली तर उठून घरी जाईल. आतली कुठं जाणार? महिनोन्‌महिने कुणी विचारलं नाही, आणि जी विचारते तिच्या पिशवीत तेलाच्या बाटलीशेजारी बायबल. ती बाई "हो" म्हणेलच. त्या "हो"ला मी खुशीचा होकार मानत नाही. कीर्तनकार गेले असते तरी हेच लिहिलं असतं. पॅड आणि तेल देणं सरकारचं काम आहे, ते सरकारकडूनच घ्या.

जालन्याची शिक्षिका:
म्हणूनच वस्तू सगळ्यांना सारख्या आणि आधी देतो. प्रार्थना आणि गाणी शेवटी, बसायचं तिनं बसावं. बौद्ध आणि मुसलमान बाया तेल घेऊन, गप्पा मारून उठून जातात. पुढच्या वेळी त्यांच्याशी तितक्याच आपुलकीनं बोलतो. सरकारनं द्यावं हे कबूल. पण "तुझी पोरगी शाळेत जाते का गं?" हे कुठल्या जीआरमध्ये बसवणार?

नांदेडचा वकील:
दोघांनाही एक सांगतो. देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन बंदी कच्चे आहेत, म्हणजे खटला अजून चालू आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून बाया आत राहतात. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी केंद्राची 2023 ची योजना आहे, तिच्यात 2023 च्या नियमांनी कच्च्या बंद्याला 40,000 रुपयांपर्यंत मदत ठरली होती. तुमच्या मंडळानं प्रत्येकीची पुढची तारीख विचारून, हा मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवली तर गाण्यांपेक्षा जास्त काम होईल.

निवृत्त महिला रक्षक, बीड:
वकीलसाहेब, खरंय. पण गाण्यांना कमी लेखू नका. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईसोबत आत राहू शकतं, सुप्रीम कोर्टानं 2006 मध्ये त्यांच्या खाण्यापिण्याचे आणि शिक्षणाचे नियम घालून दिले. सहा झाली की लेकरू बाहेर जातं. त्या रात्री बराकीला कुलूप लागल्यावर माय कशी रडते ते मी ऐकलंय. तेव्हा जवळ बसणारी बाई कुठल्या देवाची, हे ती विचारत नाही.

लातूरकर:
मॅडम, विचारत नाही हीच तर माझी भीती. रडणाऱ्या बाईजवळ बसा, जरूर बसा. धर्मग्रंथ मात्र तिनं मागितल्याशिवाय पिशवीतून काढू नका. एवढं मान्य असेल तर माझा विरोध संपला.

जालन्याची शिक्षिका:
मागितल्याशिवाय द्यायचं नाही, हे मान्य. पण मी कुणाच्या नावानं येते हे लपवणार नाही, तिनं विचारलं तर खरं सांगणार. वकीलसाहेब, तारखा लिहून घ्यायचं काम पुढच्या भेटीपासून सुरू करते. प्राधिकरणाकडे अर्ज बंदिनीच्या सहीनं लागतो की आम्ही देऊ शकतो?